मलकापूरची छावणी

दोन राज्यांत युद्ध जुंपलें म्हणजे त्याचें कारण विचारण्याची रीत आहे, आणि उत्तर बहुधा तयारच असतें. अमक्यानें तह मोडला, तमक्यानें सरहद्द ओलांडली, कोणा एका राजाची हांव अनावर झाली. या उत्तरांत खोटें फारसें नसतें. परंतु पहिली तोफ डागली जाण्यापूर्वींचे जे चार-सहा महिने असतात, ज्यांत उभय पक्षांचे वकील येत-जात असतात, पत्रांतून मैत्रीच्या आणाभाका घेतल्या जातात आणि तरीही दर आठवड्याला लढाई एकेक पाऊल जवळ सरकत असते, त्या महिन्यांचा उलगडा या उत्तरांनीं होत नाहीं. असे महिने कसे असतात हें पाहावयास युरोपच्या इतिहासाकडेच गेलें पाहिजे असें नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांतील मलकापूर येथें १८०३ सालच्या उन्हाळ्या-पावसाळ्यांत दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजा तळ देऊन बसल्या होत्या. दुसरें इंग्रज-मराठा युद्ध ज्याला म्हणतात, तें याच तळावर कागदोपत्रीं पिकत गेलें.

हा जिल्हा फौजांना अपरिचित नव्हता. अजिंठ्याच्या डोंगराची रांग त्याच्या मधून गेली आहे. तिच्या उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यांतील काळा, सपाट मुलूख, तो पायनघाट. मलकापूर, नांदुरा, शेगांव, जळगांव जामोद हीं गांवें तेथलीं. दक्षिणेस डोंगरमाथ्यावरचा बालाघाट. बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेड राजा हीं घाटावरचीं. बऱ्हाणपुराहून दक्षिणेंत जावयाचें तर हा घाट कोठें तरी चढावाच लागे. म्हणूनच घाटाच्या तोंडाशीं असलेल्या रोहिणखेडला पंधराव्या शतकांत खानदेशचा सुलतान आणि बहामनी फौज यांची गांठ पडली. १७२४ च्या ऑक्टोबरांत साखरखेर्डा येथें निजाम-उल्-मुल्कानें मुबारिझखानाचा पराभव करून दक्षिणेंतील आपलें स्वतंत्र राज्य पक्कें केलें आणि गांवाला फत्तेखेर्डा असें नांव ठेवलें. १७५७ मध्यें सिंदखेड येथें मराठे आणि निजाम यांच्यांत पुन्हां हातघाई झाली. ज्या मुलुखांतून वाट जाते त्या मुलुखाला स्वतःचें भांडण असावें लागत नाहीं. दुसऱ्यांचीं भांडणें चालत त्याच्या दाराशीं येतात.

१८०३ चें भांडण पुण्याहून चालत आलें. महादजी शिंदे १७९४ मध्यें आणि नाना फडणीस १८०० मध्यें वारल्यावर मराठी राज्यांतील सरदारांना एकत्र बांधणारा माणूस उरला नाहीं. पेशवे दुसरे बाजीराव यांनीं १८०१ मध्यें विठोजी होळकरास हत्तीच्या पायीं दिलें. त्याचा भाऊ यशवंतराव सूडानें पेटून दक्षिणेंत उतरला आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरच्या लढाईंत त्यानें पेशवे व शिंदे यांच्या एकत्र फौजेचा मोड केला. बाजीराव पुणें सोडून कोंकणांत पळाले, इंग्रजी जहाजानें वसईस पोहोंचले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यांनीं कंपनी सरकाराशीं तह केला. सहा पलटणींची तैनाती फौज पदरीं घ्यावी, तिच्या खर्चासाठीं २६ लक्षांचा मुलूख तोडून द्यावा, इंग्रजांच्या शत्रुराष्ट्राचे युरोपीय लोक चाकरींत ठेवूं नयेत, निजाम व गायकवाड यांच्याशीं असलेले वाद इंग्रजांच्या मध्यस्थीनें मिटवावे, आणि इतर राज्यांशीं बोलणें करावयाचें तें कंपनीला विचारून करावें, अशीं त्याचीं मुख्य कलमें होतीं.

हाच तह दोन बाजूंनीं दोन प्रकारें वाचला गेला, आणि युद्धाचें बीज या वाचनांतील अंतरांत होतें. गव्हर्नर-जनरल लॉर्ड वेलस्ली यांच्या दृष्टीनें तो संरक्षणाचा तह होता. पेशवा स्वखुषीनें मित्र झाला होता, त्याला त्याच्या गादीवर बसवावयाचें होतें, यांत कोणाचें काय गेलें? शिवाय उत्तर हिंदुस्थानांत शिंद्यांचे कवायती कंपू पेराँ या फ्रेंच सेनापतीच्या हातीं होते, आणि फ्रान्सशीं झालेला आमियाँचा तह टिकेल याची खात्री कोणालाच नव्हती. १८ मे १८०३ रोजीं इंग्लंडनें फ्रान्सविरुद्ध पुन्हां युद्ध पुकारलेंही. कलकत्त्याच्या दप्तरांतून पाहणाऱ्यास पेराँचे कंपू म्हणजे नेपोलियननें गंगा-यमुनेच्या दुआबांत टाकलेलें पाऊल वाटे.

शिंद्यांच्या तंबूंतून हाच तह पाहिला तर चित्र उलटें दिसे. पेशवा हा सर्व मराठी सरदारांचा धनी. त्याच्या नांवानें ते मुलूखगिरी करीत, त्याच्या नांवानें सनदा घेत. तो धनी आतां परक्याच्या पहाऱ्यांत जाणार होता, आणि तोही कोणा सरदाराला न विचारतां. १७८२ च्या सालबाईच्या तहाला महादजी शिंदे जामीन राहिले होते. त्यांच्या वारसाला न कळवितां इंग्रजांनीं पेशव्यांशीं नवा तह केला ही दौलतरावांची तक्रार नुसती मानापमानाची नव्हती, तिला आधार होता. निजामानें तैनाती फौज पूर्वींच घेतली होती, टिपू १७९९ मध्यें श्रीरंगपट्टणास पडला होता. आतां पुणें गेलें. पुढें पाळी कोणाची, हें समजावयास ज्योतिष्याची गरज नव्हती.

एवढें मात्र खरें, कीं शिंदेही निर्मळ मनानें बोलत नव्हते. पेशव्यांना आपल्या मुठींत ठेवण्याची त्यांची इच्छा जुनी होती आणि पुण्यांत इंग्रजांनीं जी जागा घेतली ती स्वतःसाठीं हवी म्हणूनच त्यांना ती अधिक बोंचली. खुद्द बाजीराव तर एका हातानें इंग्रजांची मदत घेत असतां दुसऱ्या हातानें शिंदे-भोसल्यांना गुप्तपणें बोलावीत होते. अशा धन्याच्या रक्षणासाठीं दोन्ही पक्ष शस्त्र उपसावयास निघाले, हा या हकीकतींतला एक विनोदच म्हणावयाचा.

१८०३ च्या आरंभीं दौलतराव उज्जैनीहून बऱ्हाणपुरास आले. इंग्रजांचे रेसिडेंट कर्नल कॉलिन्स त्यांच्या छावणींत दाखल झाले. तिकडे मेजर जनरल आर्थर वेलस्ली, गव्हर्नर-जनरलांचे धाकटे बंधु आणि पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगप्रसिद्ध झालेले सेनापति, म्हैसुराकडून फौज घेऊन २० एप्रिल रोजीं पुण्यास पोहोंचले. १३ मे रोजीं बाजीराव पुन्हां गादीवर बसले. आतां शिंद्यांनीं काय करावयाचें, असा सरळ प्रश्न कॉलिन्सनीं मेच्या अखेरीस दरबारांत विचारला. भोसल्यांची भेट झाल्यावर लढाई कीं सलोखा तें कळवूं, अशा आशयाचें उत्तर दौलतरावांनीं दिलें.

हें एक वाक्य पुढें फार महाग पडलें. मराठी दरबाराची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्यांत वेळ काढूपणा दिसेल. चोवीस-पंचवीस वर्षांचा तरुण सरदार, फौजेचे पगार थकलेले, मसलतगारांत दोन तट. वयानें आणि अनुभवानें मोठ्या भोसल्यांचा सल्ला घेतल्याविना शब्द देण्याची त्याची तयारी नव्हती. परंतु कलकत्त्यास तें वाक्य पोहोंचलें तें धमकी म्हणून. इंग्रज वकिलाच्या तोंडावर लढाईचें नांव काढलें गेलें होतें. यापुढें स्वस्थ बसणें म्हणजे भ्यालों असें जगाला दाखविणें, असा गव्हर्नर-जनरलांचा ग्रह झाला. २६ जून रोजीं त्यांनीं दक्षिणेंतील युद्ध आणि तह या दोहोंचे पूर्ण अधिकार आपल्या बंधूंच्या हातीं दिले. कलकत्त्याहून हुकूम येण्यास लागणारे आठवडे यापुढें वाट अडविणार नव्हते. काम सोपें झालें. परंतु रागाचा पारा उतरण्यास जो विलंब उपयोगी पडतो, तोही त्याबरोबर नाहींसा झाला.

जूनच्या आरंभीं शिंदे आणि भोसले यांची भेट झाली आणि फौजा मलकापुराच्या आसपास एकत्र आल्या. येथें वऱ्हाडची एक खास अडचण ध्यानांत घेतली पाहिजे. वऱ्हाडांत निजाम आणि भोसले यांची दुअमली चाले. एकाच गांवच्या वसुलांत दोघांचा वांटा, दोघांचे कामगार, दोघांचीं ठाणीं. जेथें मुलूख वांटलेला नसून वसूल वांटलेला आहे, तेथें सरहद्दीची रेघ काढावयाची कोठें? मराठे म्हणत, आम्हीं आमच्या मुलुखांत आहोंत, कोणाच्या अंगणांत पाय टाकलेला नाहीं. इंग्रज म्हणत, तुम्हीं आमचा मित्र जो निजाम त्याच्या उंबऱ्यावर शस्त्रें परजून बसलां आहां. दोघेही आपापल्या परीनें खरें बोलत होते. त्यांतच हैदराबादेस वृद्ध निजाम अलीखान अंथरुणास खिळलेले होते. त्यांच्या मरणाच्या संधीला मराठी फौज घाट चढून येईल, ही भीति इंग्रजांना सारखी वाटे. म्हणून कर्नल स्टीव्हनसन यांना त्यांनीं हैदराबादेच्या तैनाती फौजेसह घाटावर उभें केलें, आणि स्वतः जनरल वेलस्ली अहमदनगरच्या रोखानें येऊन बसले. अहमदनगरचा किल्ला शिंद्यांचा. म्हणजे इंग्रजांनीं निजामाच्या रक्षणार्थ जें पाऊल टाकलें तें शिंद्यांच्या किल्ल्याच्या दाराशीं येऊन थांबलें.

जुलैंत पत्रापत्री जोरांत सुरू झाली. शिंदे-भोसल्यांनीं लिहिलें कीं, कंपनीशीं लढण्याचा आमचा मानस नाहीं, आम्हीं अजिंठ्याचा घाट चढणार नाहीं, पुण्यावर चालून जाणार नाहीं. यावर इंग्रजांचा प्रश्न तयार होता: मग तुम्हीं येथें बसलां आहां कशासाठीं? या प्रश्नाला मराठ्यांपाशीं समाधानकारक उत्तर नव्हतें, कारण खरें उत्तर, ‘तुम्हीं तेथें बसलां आहां म्हणून,’ हें होतें. आणि इंग्रजांना तोच प्रश्न विचारला असता तर त्यांनाही हेंच उत्तर द्यावें लागलें असतें. शब्दांवरचा विश्वास उडाला म्हणजे माणसें फौजेच्या मुक्कामाचें ठिकाण तेवढें खरें मानूं लागतात, आणि मुक्कामाचें ठिकाण तर दोघांचेंही लढाईच्या सोयीचें होतें.

जनरल वेलस्लींनीं मागणी केली ती अशी: भोसल्यांनीं नागपूरकडे परतावें, शिंद्यांनीं नर्मदा उतरून हिंदुस्थानांत जावें, तुम्हीं गेलांत म्हणजे आमचीही फौज आपापल्या ठाण्यांस परत जाईल. जुलैच्या शेवटीं शिंदे-भोसल्यांनीं उलट बोलणें लाविलें. एक दिवस ठरवूं. त्या दिवशीं इंग्रजांनीं आपली फौज मद्रास, मुंबई आणि श्रीरंगपट्टण या मूळ ठिकाणीं न्यावी; आम्हीं त्याच दिवशीं बऱ्हाणपुरास जातों.

वरवर पाहतां हा सौदा सरळ आहे. परंतु नकाशा समोर घेतला म्हणजे त्यांतील गांठ दिसते. मलकापुराहून बऱ्हाणपूर तीन-चार मजलांवर. घोडदळ मनांत आणील तर आठवड्याभरांत परत येईल. इंग्रज पायदळ आणि तोफखाना एकदां श्रीरंगपट्टणास गेला कीं परत यावयास महिने लागावेत. वेलस्लींनीं हें बोलणें झिडकारलें तें लष्करी हिशेबानें योग्यच होतें. पण त्यांची स्वतःची मागणी तरी कशी होती? आधीं तुम्हीं जा, मग आम्हीं जाऊं. गेल्यानंतर पुण्यांतली तैनाती फौज तहाप्रमाणें राहणार ती राहणारच. म्हणजे शिंद्यांनीं माघार घेतली असती तर ज्या गोष्टीसाठीं ते आले होते ती गोष्ट न बोलतांच गमावली असती. दोन्ही प्रस्तावांत स्वतःला धोका नसलेला सलोखा होता. दोघांनीं सारखा धोका पत्करावा असा तिसरा प्रस्ताव कोणी मांडला नाहीं. त्याला हमी द्यावयास मध्यस्थ लागला असता, आणि ज्याच्या शब्दाला दोन्ही तंबूंत किंमत आहे असा मध्यस्थ त्या वेळीं हिंदुस्थानांत उरला नव्हता.

याखेरीज आणखी एक घड्याळ चालू होतें, तें पावसाचें. जनरल वेलस्लींचें मत असें कीं, मराठ्यांशीं लढावयाचें तर पावसाळ्यांतच आरंभ करावा. नद्या भरलेल्या असतां मराठी घोडदळाला इकडून तिकडे होतां येत नाहीं. इंग्रज फौजेनें मात्र होड्यांची तजवीज केली कीं ती पार होऊं शकते. दसऱ्यानंतर पाणी उतरलें म्हणजे हा फायदा संपे. मराठ्यांचा हिशेब नेमका उलट. पावसाळा जाऊं द्यावा, तोंवर माळव्यांत परतलेल्या यशवंतराव होळकरांना समजावून बरोबर घ्यावें, मग पाहूं. भोसले त्यासाठीं शिंदे-होळकरांत मध्यस्थी करीतच होते. त्यामुळें एका बाजूला प्रत्येक दिवस लांबविण्यांत लाभ, दुसऱ्या बाजूला प्रत्येक दिवस वायां गेल्याची हळहळ. मराठ्यांचें प्रत्येक गोड पत्र इंग्रजांना वेळ काढण्याची युक्ति वाटूं लागलें, आणि तें पुष्कळ अंशीं होतेंही. होळकर शेवटपर्यंत आले नाहींत. हडपसरला ज्यांच्याशीं लढलों त्यांच्यासाठीं कां लढावें, असा त्यांचा विचार दिसतो. पुढच्याच वर्षीं इंग्रजांशीं त्यांना एकट्यानें लढावें लागलें.

३ ऑगस्ट १८०३ रोजीं कर्नल कॉलिन्स छावणी सोडून गेले. ही बातमी मिळतांच जनरल वेलस्लींनीं ६ ऑगस्टच्या पत्रानें युद्धाची जबाबदारी शिंदे-भोसल्यांवर टाकली. योगायोग असा कीं, त्याच ६ तारखेस हैदराबादेस निजाम अलीखान वारले आणि सिकंदरजाह शांतपणें गादीवर आले. ज्या भीतीनें एवढ्या फौजा हलविल्या ती भीति निराधार ठरली, तोंपर्यंत तिचा उपयोग संपला होता. ८ ऑगस्टला इंग्रजांनीं अहमदनगरची पेठ घेतली, १२ ला किल्ला.

या सगळ्यांत ठरवून केलेलें किती आणि ओढवलेलें किती, याविषयीं मतभेद होणें साहजिक आहे. लॉर्ड वेलस्लींना शिंद्यांचे कंपू मोडावयाचेच होते, त्यामुळें मलकापूरचीं पत्रें हा देखावा होता, असें म्हणणारे आहेत. आणि उत्तरेंत जनरल लेक यांनीं ४ सप्टेंबरला अलीगड व ११ सप्टेंबरला दिल्लीची लढाई ज्या तत्परतेनें जिंकली ती पाहतां तयारी आधींपासून होती हें उघड आहे. तरीही एवढ्यानें भागत नाहीं. तयारी असलेलीं राज्यें पुष्कळदां लढत नाहींत. तयारीला निमित्त मिळावें लागतें, आणि प्रतिपक्षाच्या संशयास्पद वर्तनाचें निमित्त मलकापूरच्या छावणीनें भरपूर पुरविलें. युरोपांतील १९१४ च्या जुलै महिन्याशीं ताडून पाहिलें म्हणजे साम्य चटकन् नजरेंत भरतें. तेथें पावसाच्या जागीं आगगाड्यांचें वेळापत्रक होतें. रशियानें ३० जुलैला सर्व फौज जमा करण्याचा हुकूम सोडला तो आपल्या मतें संरक्षणासाठीं. जर्मनीच्या सेनापतींना त्यांत आपला अवधि संपत आलेला दिसला. दुसऱ्या दिवशीं बारा तासांची मुदत, आणि १ ऑगस्टला युद्ध. मलकापुरास जें दोन महिन्यांत झालें तें तेथें दोन दिवसांत उरकलें, इतकाच काय तो तारायंत्राचा आणि आगगाडीचा पराक्रम.

पुढची हकीकत शाळेच्या पुस्तकांतून परिचित आहे. ऑगस्टच्या अखेरीस मराठी फौजा अजिंठ्याचा घाट चढून निजामाच्या मुलुखांत गेल्या. घाट न चढण्याचें वचन युद्धाबरोबरच संपलें होतें. बुलढाणा जिल्ह्याच्या पश्चिम शिवेपलीकडे, केळणा आणि जुई या नद्यांच्या संगमाजवळ असई येथें २३ सप्टेंबरला लढाई झाली. शिंद्यांच्या गोलंदाजांनीं असा मारा केला कीं इंग्रजांकडील मेलेले व जखमी दीड हजारांवर गेले. तरी रण इंग्रजांना मिळालें. नोव्हेंबरांत शिंद्यांनीं तहकुबीचा करार केला आणि आपली फौज एलिचपुरापलीकडे पूर्वेस नेण्याचें कबूल केलें. ती गेली नाहीं. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यांतील अडगांवच्या मैदानावर भोसल्यांच्या फौजेशेजारीं शिंद्यांचे स्वार उभे दिसले, तेव्हां करार चालू आहे असें शिंद्यांचे वकील सांगत असतांच वेलस्लींनीं हल्ला चढविला. जुलैंतला तोच वाद, फौज आधीं कोठें जावी हा, नोव्हेंबरांत तोफांनीं तोडला गेला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला देवगांव येथें भोसल्यांनीं व ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगांव येथें शिंद्यांनीं तह केले.

देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडांतला भोसल्यांचा हक्क सुटला आणि तो मुलूख निजामाकडे गेला. मलकापूरच्या कुळांना दोन धन्यांऐवजीं एक धनी राहिला. परंतु वसूल द्यावयास त्यांच्यापाशीं त्या वर्षीं कांहीं होतें असें दिसत नाहीं. दोन पावसाळे फौजांनीं, पेंढाऱ्यांनीं आणि बाजारबुणग्यांनीं दख्खनचा दाणा-वैरण खाल्ल्यावर १८०३-०४ मध्यें भयंकर दुष्काळ पडला. घाटावरचा मेहकरकडील प्रदेश ओस पडत गेला. १८०४ च्या आरंभीं जनरल वेलस्ली सिंदखेडाकडून गेले तेव्हां त्यांनीं जें लिहून ठेवलें आहे त्यांत लढाईच्या यशाचा उल्लेख नाहीं. गांव चोरांचें आगर झालें आहे, माणसें शेंकड्यांनीं उपाशीं मरत आहेत, आणि त्यांना काडीची मदत करील असें सरकार या मुलुखांत कोणतेंच नाहीं, असा त्यांचा अभिप्राय आहे.